पोटात दुखते, दिसते वागण्यात

जिलबी खाल्ली की पोरे उधळतात, असे मानणारी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक आळीत सापडतात. ईदचा शीरखुर्मा असो, दिवाळीचे लाडू असोत की वाढदिवसाचा केक, घरात दहा पोरे जमली आणि दंगा सुरू झाला की कुणी तरी नानी, आजी किंवा मावशी म्हणतेच, ‘‘गोड जास्त झालंय, आता झोपत नाहीत ही!’’ हा समज इतका पक्का बसला आहे की तो तपासून पाहावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी मात्र तो तपासला, आणि तपासलाही कसून. डॉ. मार्क वोलरायच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कुटुंबे निवडली, की ज्यातल्या काही आईवडिलांची ‘आमच्या मुलाला साखर चढते’ अशी ठाम तक्रार होती. त्या घरांतले सगळे खाणे बाहेर काढले आणि सलग नऊ आठवडे पूर्ण कुटुंबाचे खाणे संशोधकांनीच पुरवले. तीन आठवडे भरपूर साखरेचे, तीन आठवडे एका कृत्रिम गोडव्याचे, तीन आठवडे दुसऱ्या कृत्रिम गोडव्याचे. कोणत्या आठवड्यात काय चालू आहे, हे मुलांना माहीत नव्हते आणि आईवडिलांनाही नव्हते. मुलांचे वागणे, लक्ष, स्मरण, मनःस्थिती सगळे मोजले गेले. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. साखरेने मुलांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

त्याच वर्षी झालेला दुसरा एक प्रयोग याहून बोलका आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांसह बोलावले. सगळ्या मुलांना बिनसाखरेचेच पेय दिले. निम्म्या आयांना मात्र सांगितले, की तुमच्या मुलाला आत्ताच भरपूर साखर दिली आहे. त्या आयांनी आपले मूल जास्त चंचल झाल्याचे नोंदवले. एवढेच नाही, त्या मुलाच्या जास्त जवळ राहिल्या, त्याच्यावर जास्त नजर ठेवली आणि त्याला जास्त टोकले. मुलाच्या पोटात साखर गेलीच नव्हती. बदलली होती ती आईची नजर.

याचा अर्थ साखर निर्धोक आहे असा नाही. दात किडतात, वजन वाढते, आणि गोडाने भरलेल्या पोटात भाजी-भाकरीला जागा उरत नाही. पण मुलाच्या उधळण्याचे खापर जिलबीवर फोडून मोकळे झाले, की खरे कारण तसेच राहून जाते. आणि मुलांच्या पोटाचा त्यांच्या वागण्याशी संबंध असतो, हे तर खरेच आहे. मात्र तो जिथे सांगितला जातो तिथे बहुधा नसतो. जिथे कुणी पाहत नाही तिथे असतो.

पोट आणि डोके यांच्यातली तार

आपल्या भाषेने हे नाते केव्हाच ओळखले आहे. परीक्षेचा पेपर हातात पडला की पोटात गोळा येतो. वाईट बातमीने पोटात खड्डा पडतो. विज्ञानाने त्याला नावे दिली ती नंतर. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे पसरलेले आहे. मेंदूकडून येणाऱ्या प्रत्येक हुकमाची वाट न बघता ते आपले बरेचसे काम आपणच करते. मेंदू आणि पोट यांना जोडणारी ‘व्हेगस’ नावाची एक लांब चेता आहे. तिच्यातले बहुतेक तंतू मेंदूचे हुकूम खाली आणण्याऐवजी पोटाची खबर वर नेतात. म्हणजे पोट मेंदूचे जेवढे ऐकते, त्याहून जास्त ते मेंदूला सांगत असते.

त्यातच आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. मूल जन्मताना आणि जन्मल्यावर ते आईकडून, दुधातून, घरातून गोळा करते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ही वस्ती बसते आणि मग पुष्कळशी मोठ्या माणसासारखी होते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या या जिवाणूंसाठी असतात. पुढे हेच जिवाणू भाकरी, डाळी, भाज्या, फळे यांतल्या न पचणाऱ्या तंतूंवर जगतात आणि त्यातून अशी द्रव्ये तयार करतात, की ज्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. २००४ साली जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. आतड्यात जिवाणूच नसलेले हे उंदीर कोंडून ठेवल्यावर इतर उंदरांपेक्षा जास्त घाबरे होत, म्हणजे त्यांच्या रक्तात तणावाची संप्रेरके जास्त चढत. लहान वयात त्यांना योग्य जिवाणू दिले तर हे सुधारत असे. वय उलटल्यावर दिले तर तसे होत नसे.

इथवर सगळे उत्कंठा वाढवणारे आहे. पण उंदराच्या पिंजऱ्यापासून माणसाच्या घरापर्यंतचा रस्ता लांबचा असतो आणि बाजार तो एका उडीत पार करतो. ‘शरीरातले नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते’ हे वाक्य पावडरीच्या डब्यांवर आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंत सतत दिसते. वाक्य खरे आहे. मात्र आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन आपणच बनवतो. आतड्यात ते मुख्यतः आतड्याच्या हालचालींचे काम पाहते. अमुक पावडर दिली की मूल शांत होईल, असे सांगणारा माणूस ही अर्धी बाजू सांगत नाही.

रंगाची गोष्ट

साखर निर्दोष सुटली, तसा कृत्रिम रंग मात्र पुरता सुटलेला नाही. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोचे अॅलर्जीतज्ज्ञ डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी खाण्यातले रंग आणि स्वाद यांचा मुलांच्या अतिचंचलपणाशी संबंध जोडला. त्यांचे सगळे दावे टिकले नाहीत. पण इंग्लंडमधल्या साउथम्प्टन विद्यापीठाने पुढे तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ साधी मुले घेऊन प्रयोग केला. त्यांना काही दिवस नुसता फळांचा रस आणि काही दिवस रंगांचे मिश्रण व सोडियम बेन्झोएट घातलेला रस दिला. चव आणि दिसणे सारखेच. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालात, मिश्रण घेतलेल्या मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली दिसली. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांवर सारखा नव्हता, आणि कोणत्या एका रंगामुळे तो झाला हे त्यावरून सांगता येत नव्हते. तरीही २०१० पासून युरोपीय संघात या सहा रंगांपैकी कोणताही रंग असलेल्या पदार्थावर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना छापणे सक्तीचे झाले.

त्या सहांपैकी चार रंग भारतात खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी आहे: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोसिन आणि पॉन्सो ४आर. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ते बहुधा आकड्यांनी लिहिलेले असतात, अनुक्रमे १०२, ११०, १२२ आणि १२४. सोडियम बेन्झोएटचा आकडा २११. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी गल्लोगल्ली लाल-केशरी सरबते विकली जातात; जत्रेत आणि उन्हाळ्यात तेच रंग बर्फाच्या गोळ्यावर असतात. सुट्या विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर आकडा लिहिलेला नसतो, आणि तिथे रंग किती घातला आणि कोणता घातला हे कुणालाच कळत नाही. २०२४ साली तमिळनाडू आणि कर्नाटकात म्हातारीच्या केसांमध्ये रोडामाइन-बी सापडल्याने बंदी आली. तो तर कपडे रंगवायचा रंग आहे.

म्हणून मुलाला सरबत देऊच नये असे नाही. लिंबू, कोकम, कैरीचे पन्हे, सब्जा घातलेले दूध यांना रंगाची बाटली लागत नाही. एखादे मूल रंगीत खाण्यानंतर दरवेळी बिथरते असे वाटत असेल, तर दोन-तीन आठवडे ते बंद करून बघायला पैसे पडत नाहीत. फक्त बघताना त्या प्रयोगातली आई आठवावी. आपण शोधायला बसलो की आपल्याला दिसतेच.

चड्डी खराब करणारे मूल

आता वळूया त्या कारणांकडे, ज्यांचे व्हिडिओ कुणी बनवत नाही. पहिले कारण आहे बद्धकोष्ठता. बोलायला संकोच वाटतो, म्हणून ती घरातच राहते.

दुसरी-तिसरीतले एखादे मूल विनाकारण चिडते, जेवायला बसत नाही, वर्गात चुळबुळत राहते, मधेच पडद्याआड जाऊन पाय आवळून उभे राहते. घरच्यांना वाटते, ते शी करायचा प्रयत्न करत आहे. खरे तर ते ती रोखत असते. एकदा कधी कडक शी होताना दुखलेले असते, त्या भीतीने पुढच्या वेळी ते दाबून धरते. धरल्याने ती आत अजून सुकते, अजून कडक होते, आणि पुढच्या वेळी अजून दुखते. हे चक्र महिनोन्‌महिने चालले, की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल पडतो आणि ‘लागली आहे’ ही जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या कडक मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. मुलाला ते कळतही नाही.

इथे खरा अन्याय सुरू होतो. एवढे मोठे झाले तरी मुद्दाम करते, आळशी आहे, हट्टी आहे, असे म्हणून मूल मार खाते. शाळेत मुले वासावरून चिडवतात. काही घरांत पातळ दिसते म्हणून जुलाब बंद होण्याचे औषध दिले जाते, आणि त्याने दुखणे आणखी वाढते. मूल गप्प होते किंवा आक्रमक होते. दोन्ही वागण्याच्या मुळाशी पोटच असते.

शाळेच्या स्वच्छतागृहांचाही यात वाटा आहे. दार लागत नाही, पाणी नाही, वास असह्य. म्हणून कितीतरी मुले आणि विशेषतः मुली सकाळी सातपासून दुपारपर्यंत रोखून धरतात. पाणी कमी पितात, कारण पाणी प्यायले तर जावे लागेल. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला पालकांनी विचारायचा हा साधा प्रश्न आहे: शौचालयाच्या दाराला कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का?

उपाय कठीण नाहीत, पण धीर लागतो. आधी डॉक्टरांकडून साठलेला मळ मोकळा करून घ्यायचा. मग मळ मऊ ठेवणारे औषध त्यांच्या सल्ल्याने काही महिने चालवायचे. चार दिवसांत फरक पडला म्हणून बंद केले, की चक्र पुन्हा सुरू होते. जेवणानंतर आतडे आपोआप हलते, म्हणून सकाळी खाल्ल्यावर आणि रात्री जेवल्यावर पाच-दहा मिनिटे मुलाला शांतपणे बसवायचे. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवायचा. आणि रागवायचे अजिबात नाही. झाली तर शाबासकी, नाही झाली तर उद्या.

ताटात यासाठी काय हवे, हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, पेरू, चिकू, पपई, अंजीर. रमजानमध्ये घरोघरी आलेला खजूरही तंतूंचा चांगला साठा आहे. १०० ग्रॅमला ७ ते ९ ग्रॅम. मैद्याची खारी, टोस्ट, पाव आणि नूडल्स यांत तो जवळपास नसतो. तंतूबरोबर पाणी मात्र हवेच.

रक्त कमी असलेले ‘आळशी’ पोर

दुसरे कारण आहे लोहाची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० मुलांपैकी ६७ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. महाराष्ट्रातला आकडा जवळपास ६९ आहे. या प्रत्येक मुलात कारण लोहच असते असे नाही; पण लोह हे मोठे कारण आहे.

लोह फक्त रक्त लाल करायला लागत नाही. मेंदूतले डोपामिन बनायला ते लागते. चेतातंतूंवर जे आवरण चढते, त्यासाठी लागते. म्हणून लोह कमी पडलेले मूल फक्त फिकट आणि दमलेले नसते. ते चिडचिडे असते, लक्ष टिकवू शकत नाही, रात्री पाय झाडत झोपते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचा पोपडा खाते. डॉ. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिका देशातल्या अशा बालकांचा दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. तान्हेपणी ज्यांना लोहाची तीव्र कमतरता होती, ती मुले उपचाराने रक्त सुधारल्यावरही पुढे अभ्यासात आणि वागण्यात मागे पडलेली दिसली. म्हणून वेळ गाठणे महत्त्वाचे.

आपल्या शहरांत ही कमतरता दोन सवयींतून घरात येते. पहिली सवय चहाची. चहा-बिस्किट, चहा-खारी किंवा चहात बुडवलेली चपाती हाच कितीतरी मुलांचा नाश्ता असतो. चहातली द्रव्ये धान्य-भाजीतले लोह अंगी लागू देत नाहीत. दुसरी सवय दुधाची. मूल काही खात नाही म्हणून आई दिवसभर दूध पाजत राहते. दुधात लोह नगण्य, आणि दुधाने भरलेल्या पोटाला जेवण नको होते. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध जात असेल, तर तेच ‘खात नाही’चे कारण असू शकते. बद्धकोष्ठतेचेही.

मांसाहारी घरात कलेजी, मटण; शाकाहारी घरात हळीव, बाजरी, डाळी, पालेभाजी आणि तिच्यावर पिळलेले लिंबू किंवा सोबत पेरू-आवळा. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने भाजीतले लोह जास्त शोषले जाते. पण मुलाचे लोह खूप उतरले असेल तर नुसत्या खाण्याने भरून येत नाही, औषध लागते. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच द्यावे आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. लहान मुलाने लोहाच्या गोळ्या भरपूर गिळल्या तर ते जिवावर बेतते.

याच्याच जोडीला जंत. काही जंत आतड्यात रक्त पितात. बारीक पांढरे जंत रात्री गुदद्वाराजवळ येऊन अंडी घालतात, तिथे खाज सुटते, मूल रात्रभर तळमळते आणि दिवसा किरकिर करते. घरात म्हणतात, ‘याला कुणाची तरी नजर लागली.’ २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत जंताची गोळी मोफत दिली जाते. त्या दिवशी मूल शाळेत असेल आणि गोळी घेईल, एवढे पालकांनी पाहिले तरी पुष्कळ झाले.

उपाशी पोट, अर्धी झोप

तिसरे कारण इतके साधे आहे की त्याला कारण म्हणायलाही संकोच वाटतो: भूक. सकाळच्या शाळेला रिकाम्या पोटी आलेले मूल दहा वाजता फळ्याकडे बघत असते, पण त्याला फळा दिसत नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, त्यामागे कुपोषणाबरोबर हेही भान होते. तमिळनाडूने २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली.

भुकेची जोडीदार म्हणजे झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास. झोप कमी झाली की मोठा माणूस पेंगतो, लहान मूल मात्र उलट उधळते. ते बघून कुणालाही वाटत नाही की हे झोपेला आले आहे.

रमजानच्या घरात हे दोन्ही एकदम बदलते. पहाटे सहरीची भांडी वाजली की धाकटीही उठून बसते. रात्री तरावीह होऊन मोठे घरी येईपर्यंत ती जागी असते. वयात न आलेल्या मुलावर रोजा बंधनकारक नाही, तरी भावंडांचे पाहून ‘मीही धरणार’ असा हट्ट असतोच, आणि घरात त्याचे कौतुकही होते. कौतुक जरूर व्हावे. पण सात-आठ वर्षांच्या मुलाने दुपारपर्यंतच धरावा, सुटीच्या दिवशी धरावा, आणि चेहरा उतरला तर सोडायला आईने सांगावे, यात काही कमीपणा नाही. रोजा नसलेल्या लहान मुलांचे दुपारचे जेवण तर मुळीच चुकू नये. मोठ्यांच्या रोजात स्वयंपाकघर दिवसभर थंड असते आणि पोरे बिस्किटाच्या पुड्यावर संध्याकाळ गाठतात, असे होते. मग इफ्तारला भजी, समोसा आणि सरबतावर तुटून पडतात आणि रात्री पोट धरून बसतात. दस्तरखानावर खजूर, कापलेली फळे, उकडलेले चणे, दही आधी आले तर भज्यांची जागा आपोआप थोडी कमी होते.

श्रावण-नवरात्रातल्या उपवासाच्या घरांतही हेच चित्र असते. मोठ्यांबरोबर मुलेही हौसेने साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढतात. साबुदाण्यात तंतूही फार कमी आणि लोहही फार कमी. सण कोणाचाही असो, लहान मुलाचे घड्याळ वेगळे असते.

आशेचा बाजार

या सगळ्यात सर्वात जास्त लुबाडले जाणारे आईवडील म्हणजे स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलांचे. आतडे साफ केले की ऑटिझम बरा होतो, गहू-दूध बंद केले की मूल बोलू लागते, असे त्यांना दर आठवड्याला कुणी तरी सांगते. या आशेची एक दुखरी पूर्वपीठिका आहे. १९९८ साली इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवरून आतड्याचा विकार, ऑटिझम आणि गोवराची लस यांची गाठ मारली. पुढे त्यातली बनवाबनवी उघड झाली. ‘लॅन्सेट’ने २०१० साली तो निबंध मागे घेतला आणि वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवाना गेला. लसीची भीती मात्र जगभर पसरून राहिली, आणि तिची किंमत गोवराने आजारी पडलेल्या मुलांनी मोजली.

मग आतड्याचा संबंध काय? स्वमग्न मुलांना पोटाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त असतात, हे खरे आहे. २०१७ साली अमेरिकेत अॅरिझोनामध्ये अशा १८ मुलांना निरोगी माणसांच्या आतड्यातले जिवाणू देऊन पाहिले, तेव्हा पोटाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या आणि वागण्यातही सुधारणा नोंदली गेली. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि काय दिले जात आहे हे सगळ्यांना माहीत होते. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांच्या अभ्यासात गोष्ट उलटी दिसली. स्वमग्न मुलांचे खाण्याचे ठरावीक चार-पाच पदार्थ असतात. वास, रंग, दाताखाली लागणारा पोत जरा बदलला तरी ती तोंड फिरवतात. खाण्यात विविधता कमी, म्हणून आतड्यातल्या जिवाणूंतही विविधता कमी. म्हणजे जिवाणूंमुळे ऑटिझम नव्हे, तर ऑटिझममुळे खाणे आणि खाण्यामुळे जिवाणू.

अशा मुलाच्या ताटात पाचच पदार्थ असताना त्यातले चपाती आणि दूध काढून घेतले तर राहते काय? गहू-दूध बंद करण्याचा फायदा नीट घेतलेल्या छोट्या चाचण्यांत दिसलेला नाही. खरोखर गव्हाचा विकार असेल तर तो रक्ततपासणीत कळतो, आणि ती तपासणी गहू बंद करण्याआधी करावी लागते. नंतर केली तर चुकीचा निकाल येऊ शकतो.

पण एक गोष्ट या घरांनी नक्की लक्षात ठेवावी. न बोलणारे मूल अचानक डोके आपटू लागले, स्वतःला चावू लागले, रात्री रडत उठू लागले, तर ‘ऑटिझम वाढला’ असे धरून चालू नये. आधी पोट बघावे, दात बघावेत, कान बघावा. दुखते आहे हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नसतात, म्हणून ते वागण्यातून सांगते. बद्धकोष्ठता किंवा आम्लपित्ताचा उपचार झाला की अशी कितीतरी मुले शांत होतात. ऑटिझम तसाच असतो. दुखणे गेलेले असते, आणि तेही काही कमी नाही.

आधी विचारायचे चार प्रश्न

मूल सतत चिडते, वर्गात बसत नाही, ऐकत नाही, अशी तक्रार आली की पालकांनी आणि शिक्षकांनीही आधी चार प्रश्न विचारावेत. सकाळी काय खाऊन आले? किती वाजता झोपले? शी रोज होते का, कडक होते का, दुखते का? आणि डोळ्यांची खालची पापणी आतून लालसर आहे की पांढुरकी? या चारही प्रश्नांची उत्तरे ठीक असतील आणि तरीही वागणे तसेच राहिले, तर मग अतिचंचलपणा, शिकण्यातली अडचण, घरातला ताण, शाळेतली भीती या दिशेने बालरोगतज्ज्ञांच्या मदतीने शोध घ्यावा. सगळे वागणे पोटातून येत नाही. पण पोट तपासल्याशिवाय मुलावर शिक्का मारणे हे घाईचे आहे.

यासाठी महागडा दवाखाना गाठायला हवा असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात. रक्ताची तपासणी, लोहाचे औषध, जंताची गोळी सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. वाढीत किंवा बोलण्यात मागे पडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. पथक शाळेत येईल तेव्हा मुलाच्या वहीत एक चिठ्ठी घालून द्यावी: ‘शी रोज होत नाही’, ‘खडू खातो’, ‘रात्री पाय झाडतो’. पथकातल्या डॉक्टरांना एका मुलाजवळ थोडाच वेळ मिळतो. ती एक ओळ त्यांना नेमकी जागा दाखवते, आणि एरवी कट्ट्यावर मार खाणारे पोर तपासणीच्या टेबलावर पोहोचते.